पावसाळ्यातले इंटरनेट: रत्नागिरीतील जोडणी आणि ग्राहकाचे समाधान

इंटरनेट सेवेबद्दल ग्राहक समाधानी आहे की नाही, हे दोन प्रश्नांवर ठरते. सेवा चालू असताना कशी चालते हा पहिला, आणि बंद पडल्यावर किती वेळात परत येते हा दुसरा. जाहिराती पहिल्या प्रश्नाभोवती फिरतात, कारण १०० किंवा २०० एमबीपीएस हा आकडा फलकावर लिहिता येतो. दुसऱ्याचे उत्तर वापरल्यावरच कळते. रत्नागिरी शहरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. इथल्या घरांचे आणि व्यवसायांचे इंटरनेटविषयीचे मत घडते ते मुख्यतः याच चार महिन्यांत.

जमीन, वस्ती आणि रेंज

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी नगर परिषदेच्या हद्दीत सुमारे ७६ हजार लोकांची नोंद झाली. शहराचा वावर मात्र या हद्दीत मावत नाही. नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे या लगतच्या गावांत वसाहती, गृहसंकुले आणि औद्योगिक वसाहत पसरली आहे. नोकरी, शाळा, बाजार या दृष्टीने हे सारे एकच शहर आहे आणि इंटरनेटच्या जाळ्याच्या दृष्टीनेही.

जमीन मात्र एकसारखी नाही. मांडवी, मिरकरवाडा, राजिवडा आणि बाजारपेठ हा भाग समुद्र आणि खाडीलगत सखल आहे. मारुती मंदिर, साळवी स्टॉप हा भाग वर, जांभ्या दगडाच्या सड्यावर आहे. शहराबाहेर पडले की हाच नमुना अधिक ठळक होतो: वर उघडा सडा, खाली उतारावर वाडी, त्याखाली माड-पोफळींचे आगर. मोबाइल टॉवर साहजिकच उंचावर उभारला जातो. त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे सड्याच्या कडेआड दडलेल्या वाडीत त्या नीट पोचत नाहीत. टॉवर डोळ्यांसमोर असूनही ‘रेंज नाही’ असे का होते, याचे उत्तर या भूगोलात आहे. फोन घेऊन अंगणाच्या ठरावीक कोपऱ्यात किंवा पाखाडीच्या वरच्या पायरीवर उभे राहण्याची सवय त्यातूनच लागते.

जांभ्याचा दुसरा परिणाम तारांवर होतो. सड्यावर मातीचा थर पातळ असतो आणि खाली कातळ. केबल पुरण्यासाठी चर खणणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम असते. म्हणून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी विजेच्या आणि इतर खांबांवरून, झाडांच्या आधाराने, छपरांवरून जातो. अशी हवेतली केबल स्वस्त आणि लवकर टाकता येते, पण वाऱ्यात माडाची एक झावळी तिच्यावर पडली तरी पुरते. तिसरा परिणाम घरातच दिसतो. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती वाय-फायच्या लहरी अडवतात. पाच गिगाहर्ट्‌झची वेगवान लहर अशा एक-दोन भिंतींनंतरच क्षीण होते, २.४ गिगाहर्ट्‌झची लहर थोडी आत पोचते, पण तिचा वेग कमी असतो. ओटीवर राउटर आणि माजघरात मोबाइल असेल, तर दोष बाहेरच्या केबलचा नसून भिंतीचा असतो. तक्रार मात्र कंपनीकडेच जाते.

टेलिफोनच्या तारेपासून फायबरपर्यंत

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, तेही निवडक महानगरांत. लहान शहरांतल्या ग्राहकाला सुरुवातीच्या काळात जवळच्या मोठ्या केंद्राला फोन लावावा लागे आणि त्या कॉलचे पैसे वेगळे पडत. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. २००० मध्ये भारत संचार निगम स्थापन झाला आणि जानेवारी २००५ मध्ये त्याने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ‘ब्रॉडबँड’ म्हणजे किमान २५६ केबीपीएस वेग अशी व्याख्या होती. त्या वेगाने एक एमबीचे छायाचित्र उतरायला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागे, आणि डायल-अपला सरावलेल्या माणसाला तो वेग झपाट्याचा वाटे. ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस अशी वर सरकत गेली.

तांब्याच्या तारेच्या दोन मर्यादा कोकणात विशेष जाणवत. टेलिफोन केंद्रापासून अंतर वाढले की वेग घटे, आणि जोडांत पाणी शिरले की खरखर सुरू होऊन जोडणी तुटे. फायबरमधून वीज नव्हे, प्रकाश जात असल्यामुळे दमटपणाचा असा त्रास त्याला होत नाही. रत्नागिरीतून मोठ्या क्षमतेचे फायबर जायला कोकण रेल्वेचाही हातभार लागला. १ मे १९९८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या या मार्गालगत फायबर केबल टाकलेली आहे. २०१७ मध्ये कोलाड ते मडुरे या टप्प्यातल्या २८ स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू झाले.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा आली आणि डेटाचे दर कोसळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जीला सुरुवात झाली. रत्नागिरीतल्या बहुसंख्य लोकांचे पहिले इंटरनेट संगणकावरचे नसून मोबाइलवरचे आहे, हे लक्षात घेतले तर समाधानाची पट्टी कशी बदलली ते कळते. सायबर कॅफेत ताशी पैसे मोजणारा ग्राहक ई-मेल उघडली की खूश होत असे. आजचा ग्राहक चित्रफीत दोन सेकंद थांबली तरी वैतागतो. सेवा अनेक पटींनी सुधारली, पण अपेक्षाही तिच्याबरोबर वाढत गेली.

एका घराची जोडणी

घरगुती फायबर जोडणीत केंद्रातून निघालेला एक धागा वाटेत ‘स्प्लिटर’ नावाच्या छोट्या डबीतून ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. जीपॉन या प्रचलित तंत्रात त्या एका धाग्यावर येणाऱ्या दिशेने सुमारे अडीच हजार एमबीपीएस क्षमता असते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण वेगाने वापर केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ एमबीपीएसच्या आसपास येतात. प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी खेचत नाहीत, म्हणून प्रत्येकाला १०० किंवा २०० एमबीपीएसचा प्लॅन विकता येतो. वाटणीचे हे गणित केंद्रातून पुढे जाणाऱ्या वाहिनीलाही लागू असते. तिथे क्षमता कमी घेतली, तर रात्री आठ ते अकरा या वेळेत सगळ्या गल्लीचा वेग एकदम उतरतो.

अंतराचा दोष मात्र फारसा नसतो. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. रत्नागिरी ते मुंबई हे साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेरचे अंतर जाऊन-येऊन पार करायला त्याला चार मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो. पान उघडायला लागणारा विलंब बहुधा शेवटच्या किलोमीटरात, गर्दीच्या वाहिनीत किंवा पलीकडच्या सर्व्हरवर होतो. प्रवेश अर्जाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ अडकते, तेव्हा दोष कोणाचा हे ग्राहकाला दिसत नाही. त्याच्या लेखी ‘नेट’ चालत नसते.

बिघाड झाल्याची पहिली खूण घरात केबल येऊन लागते त्या डबीवर दिसते. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकू लागला, म्हणजे प्रकाश घरापर्यंत पोचत नाही. तंत्रज्ञ ओटीडीआर या उपकरणाने धाग्यात प्रकाशाचे ठोके सोडतो. परत येणाऱ्या क्षीण प्रकाशावरून तुटीचे अंतर मीटरमध्ये कळते. मग त्या जागी जाऊन दोन टोके सोलायची, अल्कोहोलने पुसायची, काटकोनात कापायची आणि स्प्लायसिंग यंत्रात ठेवून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायची. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो त्याचा व्यास नऊ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या काही अंशाएवढा असतो. त्यावर पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण बसला तर जोड कच्चा राहतो. जोडायला मिनिटे लागतात. पण आषाढातल्या सरींत खांबाखाली, प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून ती मिनिटे मिळवायला कित्येकदा अर्धा दिवस जातो. त्याच वेळी शहरात आणखी दहा ठिकाणी केबल तुटलेली असते आणि जोडणारी माणसे मोजकीच असतात. दुरुस्तीला वेळ का लागतो, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

फायबर वीज वाहत नाही, पण डबी विजेवर चालते. लाइट गेली की नेट गेले, हा पावसाळ्यातला नेहमीचा अनुभव. राउटर आणि डबी १२ व्होल्टवर थोडीच वीज घेतात. छोटा डीसी यूपीएस त्यांना काही तास चालवू शकतो. मात्र गल्लीतल्या ऑपरेटरच्या केंद्रावर तेवढीच सोय नसेल, तर घरातली बॅटरी कामाची नाही. मान्सूनपूर्व आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा बरीच घरे राउटरचा प्लग काढून ठेवतात. त्यांच्यापुरती सेवा तेवढा वेळ बंदच असते.

घराची गरज आणि धंद्याची गरज

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्याच्या सरासरीहून हे प्रमाण फार वेगळे आहे आणि त्याचे कारण कामासाठी मुंबईला गेलेले पुरुष हे आहे. त्यामुळे इथल्या घरात इंटरनेटचे एक काम ठरलेले असते: मुंबईतल्या मुलाशी, नातवंडांशी व्हिडिओ कॉल. व्हिडिओ कॉलला वेग बेताचा चालतो, पण डेटाची पाकिटे वेळच्या वेळी आणि एकसारख्या अंतराने यावी लागतात. आवाज तुटतो किंवा चेहरा गोठतो तो अनेकदा वेग कमी म्हणून नव्हे, तर पाकिटे अडखळत येतात म्हणून.

गणेशोत्सवात हे चित्र उलटे होते. चाकरमानी गावी येतात आणि एरवी मोजक्या माणसांसाठी आखलेल्या टॉवरवर कित्येक पट फोन एकदम येतात. पडद्यावर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी पान उघडत नाही; कारण सिग्नल पुरेसा असतो, पण वाटून घ्यायची क्षमता तेवढीच राहिलेली असते.

व्यवसायाची गरज वेगळ्या जातीची असते. यूपीआयच्या एका व्यवहाराला अगदी थोडा डेटा लागतो. मासळीच्या किंवा किराण्याच्या दुकानदाराला १०० एमबीपीएसशी देणेघेणे नसते. रांग उभी असताना पैसे आल्याची घोषणा वेळेवर व्हावी, एवढेच त्याला हवे असते. आंबा बागायतदाराचा सारा हंगाम मार्च ते मे एवढाच. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि पेटी थेट ग्राहकाला विकण्याचा ओघही वाढला. मागणी, पैसे, पार्सलचा माग हे सारे त्या दोन-अडीच महिन्यांत फोनवर होते, आणि मेच्या अखेरीस वळवाच्या वादळी सरी नेमक्या तेव्हाच येतात. मिरकरवाड्याच्या मासळी व्यवसायाचे कॅलेंडर याहून निराळे: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे पावसाच्या सर्वांत कठीण दोन महिन्यांत तिथला व्यवहार थंडावलेला. गणपतीपुळ्याच्या निवासगृहांना सुट्ट्यांच्या दिवसांत पाहुण्यांच्या फोनचा भार पेलणारे वाय-फाय लागते.

औद्योगिक वसाहतीतला कारखाना, बँक किंवा रुग्णालय घरगुती प्लॅनवर अवलंबून राहू शकत नाही. त्यांच्यासाठी लीज्ड लाइन असते. तिच्यात जाणारा आणि येणारा वेग सारखा, वाहिनी राखीव आणि किती टक्के वेळ सेवा चालू राहील याचा लेखी करार. या टक्क्यांचा अर्थ तासांत काढून पाहावा. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. ९९ टक्के म्हणजे महिन्याला सात तास बारा मिनिटे बंद चालेल, ९९.५ टक्के म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटे, ९९.९ टक्के म्हणजे जेमतेम त्रेचाळीस मिनिटे. लहान व्यावसायिक ही किंमत मोजू शकत नाही. तो घरगुती फायबर घेतो आणि जोडीला वेगळ्या कंपनीचे सिमकार्ड ठेवतो. ही दोन सेवांची जोडी किती दुकानांत आहे, हे शहरातल्या असमाधानाचे एक चांगले मोजमाप ठरू शकते. कारण एका सेवेवर विसंबता येत नाही म्हणूनच दुसरीचे पैसे भरले जातात.

समाधान मोजायचे कसे

रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकी अभ्यासकाने १९८० मध्ये मांडलेला विचार आजही पायाभूत मानला जातो: अपेक्षा आणि अनुभव यांतला फरक म्हणजे समाधान किंवा असमाधान. म्हणून ४० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन ३८ मिळणारा ग्राहक समाधानी असतो आणि २०० चा घेऊन ९० मिळणारा नाराज. हा प्रश्न एकट्या रत्नागिरीचा नाही. अमेरिकेच्या ग्राहक समाधान निर्देशांकात २०१३ मध्ये इंटरनेट कंपन्यांचा समावेश झाला आणि पुढची अनेक वर्षे त्या तळाच्या उद्योगांत राहिल्या.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याने २००६ च्या गुणवत्ता नियमांत ग्राहकांच्या मतालाही आकडा लावला होता. जोडणी देणे, बिल आणि मदत केंद्र यांबाबत ९० टक्क्यांहून अधिक, तर जाळ्याची विश्वसनीयता, देखभाल आणि एकूण सेवा यांबाबत ८५ टक्क्यांहून अधिक ग्राहक समाधानी असावेत, अशी ती अपेक्षा. पण या मोजणीचे एकक दूरसंचार परिमंडळ हे होते. महाराष्ट्र परिमंडळात मुंबई वगळून राज्य आणि गोवा येतात. पुणे, नागपूर, नाशिक यांच्या मोठ्या संख्येत रत्नागिरीचा जुलै महिना विरघळून जातो.

एका शहरासाठी पाहणी करायची तर काही पथ्ये पाळावी लागतात. घरे आणि व्यवसाय यांचे नमुने वेगळे घ्यावेत, कारण तासभराचा तोच खंड घरासाठी गैरसोय असतो आणि दुकानासाठी नुकसान. सखल भाग, सडा आणि लगतची गावे यांना वेगळे स्थान द्यावे. पाहणी दोनदा व्हावी, एप्रिलमध्ये आणि जुलैअखेर. ‘सेवा कशी वाटते’ असे मोघम विचारण्यापेक्षा ‘गेल्या ३० दिवसांत किती वेळा बंद पडली, सर्वांत लांब खंड किती तासांचा होता, तक्रारीनंतर माणूस कधी आला’ असे विचारावे. पाहणीची लिंक फोनवर पाठवून उत्तरे गोळा केली, तर ज्यांचे नेट बंद आहे तेच वगळले जातात. आणि ग्राहक टिकून आहे याचा अर्थ तो खूश आहे असा घेऊ नये. मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. फायबरचे तसे नाही. गल्लीत एकच ऑपरेटर असेल, तर नाराज ग्राहकही त्याच्याकडेच राहतो.

तक्रार आणि हक्क

तक्रार नोंदवल्यावर तिचा क्रमांक मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. लहान शहरात प्रत्यक्षात लोक ओळखीच्या लाइनमनला थेट फोन करतात. काम त्यामुळे लवकर होते, पण तक्रारीची नोंद होत नाही आणि कंपनीच्या कागदावर त्या भागात बिघाडच नसतो. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्राने समाधान केले नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि तिचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालतात की नाही, याबद्दलचा बराच काळचा संभ्रम सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकांच्या बाजूने संपवला. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नवे गुणवत्ता नियम जाहीर केले. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात त्या प्रमाणात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव मुदत, अशी तरतूद त्यांत आहे. कंपन्यांनी आपल्या व्याप्तीचे नकाशे जाहीर करायचे आहेत. नैसर्गिक आपत्तीमुळे पडलेला खंड मात्र भरपाईतून वगळलेला आहे, आणि कोकणातले मोठे खंड प्रामुख्याने याच वर्गात मोडतात.

सारेच बंद पडते तेव्हा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले आणि दापोली, मंडणगड तालुक्यांतले खांब, झाडे, टॉवर कोलमडले. काही गावांत वीज परत यायला आठवडे लागले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले आणि शहराचा बाहेरच्यांशी संपर्क तुटला. तिन्ही वेळा साखळी जवळपास तीच होती: आधी वीज जाते, मग टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, रस्ता बंद असल्याने जनरेटरला डिझेल पोचत नाही, आणि फायबर तुटलेले असेल तर वीज येऊनही उपयोग होत नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणासारख्या कामांत खोदाईने केबल तुटणे हा याचाच मानवनिर्मित अवतार. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने खोदण्यापूर्वी केबलमालकांना कळवण्याचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले.

यावरून उपायांचा क्रम लागतो. शहराला बाहेरून जोडणारे फायबर दोन वेगळ्या मार्गांनी यावे, म्हणजे एक तुटले तरी दुसरे चालते. रेल्वेमार्ग आणि महामार्ग हे असे दोन मार्ग आहेतच. ऑपरेटरच्या केंद्रावर आणि टॉवरवर जूनपूर्वी बॅटऱ्यांची तपासणी व्हावी, मेमध्ये विजेच्या तारांवरच्या फांद्या तोडल्या जातात तेव्हाच केबलवरच्या झावळ्याही काढाव्यात, आणि पावसाळ्यापुरती जोडणारी माणसे वाढवावीत. केरळने जून २०२३ मध्ये ‘के-फॉन’ हे सरकारी फायबर जाळे सुरू करताना वीज मंडळाच्या खांबांचा आणि उपकेंद्रांचा आधार घेतला. किनारा, पाऊस आणि माड यांत केरळ कोकणाचा सख्खा शेजारी आहे.

शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. केबल कुठे तुटली आहे आणि सेवा साधारण कधी सुरू होईल, हे संदेशाने कळवणे. चार तासांत येईल असे सांगून चार तासांत आलेली सेवा ग्राहक सहन करतो. काहीच न सांगता दोन तासांत आलेली सेवाही त्याला खटकते, कारण ते दोन तास दुकान उघडे ठेवायचे, दुसऱ्या सिमवर रिचार्ज करायचा की काम उद्यावर ढकलायचे, हे त्याला ठरवता आलेले नसते.